हवेचा हिशेब चुकतो तेव्हा

पेट्रोलवर चालणारे इंजिन वजनाच्या हिशेबाने पाहिले तर पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक खाते. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते आणि हे प्रमाण जेवढे काटेकोर राखले जाईल तेवढे धुराड्यातील उत्प्रेरक उपकरण, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा जाळीदार डबा, चांगले काम करते. हवा कमी पडली तर न जळलेले इंधन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि गाडीचे एव्हरेज घसरते. हवा जास्त झाली तर इंजिन अडखळते, मिसिंग करते आणि चढावावर दम सोडते. जुन्या कार्बोरेटरमध्ये हे प्रमाण बारीक छिद्रांच्या मापावर आणि कारागिराच्या कानावर सोपवलेले होते. आजच्या गाडीत ते काम ईसीयू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या संगणकाकडे आहे आणि त्याला आत येणारी हवा स्वतः दिसत नसल्यामुळे तो सर्वस्वी हवेच्या मार्गावर बसवलेल्या सेन्सरांच्या सांगण्यावर विसंबतो. त्या सांगण्यात खोट आली की गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागतो.

हवा मोजण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत आणि गाडीत त्यांपैकी कोणती आहे हे कळल्याखेरीज निदानाला हात घालणे व्यर्थ होय. पहिल्या पद्धतीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे, हवेच्या नळीत, मास एअर फ्लो किंवा थोडक्यात मॅफ या नावाचा सेन्सर असतो. त्यात विजेने तापवलेली अतिशय बारीक तार किंवा पातळ पापुद्रा असतो आणि त्याचे तापमान आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त राखले जाते. गरम पेजेवर जितकी जोराची फुंकर मारावी तितकी ती लवकर निवते; तसाच हवेचा ओघ वाढला की ही तार अधिक निवते, ती पुन्हा तापवायला अधिक वीज लागते आणि त्या वाढीव विजेवरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली हे ईसीयूला कळते. बॉश कंपनीने १९७० च्या दशकात हवेच्या रेट्याने उघडणाऱ्या झडपेवर हे मोजमाप चालवले आणि १९८० च्या दशकात तप्त तारेची पद्धत प्रचारात आणली. त्या तारा प्लॅटिनमच्या, जाडीने सुमारे ०.०७ मिलिमीटर, आणि इंजिन बंद झाल्यावर क्षणभर लालबुंद तापवून त्यांवरची घाण जाळून टाकण्याची सोय त्यांत होती. पुढे आलेल्या पापुद्र्याच्या सेन्सरांत ही सोय राहिली नाही, हा तपशील धुळीच्या प्रदेशात महत्त्वाचा ठरतो.

दुसऱ्या पद्धतीत हवेचे वजन थेट मोजले जात नाही. हवेचे नियमन करणारी पाकळी ज्यात असते त्या थ्रॉटल बॉडीच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्ड या हवेच्या कोठीत, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि हवेचे तापमान मोजणारा दुसरा सेन्सर त्याच्यासोबत किंवा त्याच्याच पोटात बसवलेला असतो. दाब, तापमान आणि इंजिनाच्या फेऱ्या या तीन गोष्टींवरून ईसीयू हवेचे वजन गणिताने काढतो. भारतात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या लहान पेट्रोल गाड्यांपैकी अनेक याच पद्धतीच्या आहेत, तर मॅफ सेन्सर डिझेल गाड्यांत आणि काही मोठ्या पेट्रोल गाड्यांत मुख्यतः आढळतो. दोन्ही पद्धतींत आकड्यांचा अंदाज साध्या हिशेबाने बांधता येतो. १२०० घनसेंटीमीटरचे, चार फटक्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले सिलिंडर भरते. रेस न देता ते मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू असेल आणि कोठीतील दाब वातावरणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असेल, तर सेकंदाला साधारण अडीच ते तीन ग्रॅम हवा आत जाते. तेच इंजिन ६००० फेऱ्यांवर पूर्ण रेसमध्ये सुमारे साठ ग्रॅम हवा ओढते. सेन्सरला एवढ्या मोठ्या पल्ल्यात अचूक राहावे लागते, आणि त्याची चूक बहुधा पल्ल्याच्या एकाच टोकाला आधी उघडी पडते.

भारतात गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. भारत स्टेज चारच्या मोटारींना एप्रिल २०१० पासून या व्यवस्थेचा पहिला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला, तर एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या नियमांनी ती आणखी कडक केली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की दोषाचा कोड वाचता येतो. या कोडांत 'पी०१' ने सुरू होणारा गट हवा आणि इंधन यांच्या मोजमापाचा असून पी०१०० ते पी०१०४ हे मॅफशी, पी०१०५ ते पी०१०९ हे दाबाच्या सेन्सरशी आणि पी०११० ते पी०११४ हे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाशी संबंधित आहेत. पी०१७१ हा कोड मात्र कोणत्याच सेन्सरचे नाव घेत नाही. मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा फार झाली एवढेच तो सांगतो.

गोंधळ येथेच सुरू होतो. पी०१०२ आला की मॅफ सेन्सर बदलायचा, पी०११३ आला की तापमानाचा सेन्सर बदलायचा, अशी सवय स्वस्त स्कॅनर सर्वत्र पोहोचल्यापासून फोफावली आहे आणि ग्राहकाचे काही हजार रुपये वाया घालवण्याचा याहून सोपा मार्ग दुसरा नाही. वास्तविक कोड हा सुट्या भागाविषयीचा निर्णय नसतो. एखाद्या तारेवरून ईसीयूपर्यंत आलेली विजेची पातळी अपेक्षित मर्यादेत बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. ती पातळी सेन्सर बिघडल्याने बिघडली असेल, तार तुटल्याने, कपलरमध्ये गंज चढल्याने, अर्थिंग सैल झाल्याने, किंवा सेन्सर अगदी खरे बोलत असून हवाच भलत्या वाटेने आत शिरत असल्याने. या शक्यतांपैकी कोणती आधी तपासावी हे पुष्कळ अंशी गाडी कोणत्या हवेत फिरते यावर ठरते, आणि उत्तर गोव्यातील शेजारशेजारचे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके त्याची उत्तम उदाहरणे आहेत: एकाची किनारपट्टी खाऱ्या वाऱ्याची, तर दुसऱ्याचा खनिजपट्टा तांबड्या धुळीचा.

दोन्ही ठिकाणी निदानाचे पहिले साधन एकच, ते म्हणजे इंधनाची दुरुस्ती दाखवणारे आकडे, ज्यांना स्कॅनरवर फ्युएल ट्रिम म्हणतात. धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ आहे की घट्ट हे सतत कळवत असतो आणि त्यानुसार ईसीयू आपल्या हिशेबात काही टक्के भर घालतो किंवा कपात करतो. क्षणोक्षणी होणारी दुरुस्ती ही अल्पकालीन ट्रिम, आणि ती दीर्घकाळ एकाच दिशेने होत राहिली की ईसीयू जी कायमची भर मनावर घेतो ती दीर्घकालीन ट्रिम. दोहोंची बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असेल तर हवेचा हिशेब साधारणपणे जुळतो असे मानावे. ती त्यापलीकडे गेली तर नुसत्या आकड्याकडे पाहून उपयोग नाही. तो आकडा रेस न देता किती आहे आणि २५०० फेऱ्यांवर किती होतो, हे पाहावे लागते.

मॅफ असलेल्या गाडीत सेन्सरच्या पुढच्या रबरी नळीला चीर पडली असेल तर तेथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. रेस न देता इंजिन मुळात थोडीच हवा घेते, म्हणून या चोरट्या हवेचा वाटा तेव्हा मोठा असतो आणि ट्रिम पंधरा-वीस टक्क्यांनी वर चढते. रेस वाढवली की एकूण ओघ वाढतो, चोरटी हवा त्यात नगण्य ठरते आणि ट्रिम खाली येते. सेन्सरवर घाण बसली असेल तर चित्र नेमके उलटे दिसते. मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र कोठीत कोठूनही शिरलेली हवा दाब वाढवते आणि तो दाब मोजला जातो, त्यामुळे अशा गळतीने मिश्रण फारसे पातळ होत नाही, इंजिनाच्या फेऱ्याच विनाकारण वाढून राहतात. हा फरक ध्यानात न घेता मॅपच्या गाडीत पी०१७१ आल्यावर नळ्या शोधत बसणारे आणि इंधनाच्या पंपाकडे न पाहणारे गॅरेज वेळ वाया घालवते.

ट्रिम वाचताना आणखी दोन गोष्टी वजा कराव्या लागतात. पहिली पेट्रोलमधील इथेनॉलची. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे दहा टक्के मिश्रणाला सुमारे १४.१ पट आणि वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट हवाच पुरते. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल देशात टप्प्याटप्प्याने आले, आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या गाडीत ते भरले की कोणताही भाग बिघडलेला नसताना दीर्घकालीन ट्रिम तीन-चार टक्क्यांनी वर सरकते. दुसरी गोष्ट दमटपणाची. तीस अंश तापमानाला आणि ८५ टक्के आर्द्रतेला हवेच्या घनफळातील साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक भाग पाण्याच्या वाफेचा असतो. ही वाफ इंधन जाळत नाही, पण सेन्सर तिलाही हवेतच धरतो, त्यामुळे पावसाळ्यात ट्रिम दोन-तीन टक्क्यांनी उलट दिशेला, म्हणजे खाली येते. जुलैतील आकडे जानेवारीतील आकड्यांशी जसेच्या तसे ताडून पाहणे म्हणूनच योग्य नव्हे.

डिचोली तालुक्याची हवा तेथील खनिजाने घडवलेली आहे. साखळी, मये, शिरगाव, मुळगाव या परिसरातील लोहखनिज पोर्तुगीज अमदानीपासून खणले जात आले. चीनची मागणी शिगेला पोहोचली तेव्हा २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज निर्यात होत होते आणि त्यातील मोठा भाग भुकटीच्या स्वरूपात असून टिपरांतून नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत नेला जाई. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेत त्यांना वाट मोकळी केली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्च २०१८ पासून उत्खनन पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पद्धतीने खनिजपट्ट्यांचा लिलाव सुरू झाला, त्यांतील पहिला पट्टा डिचोलीचाच होता आणि २०२४ मध्ये तेथे काम सुरू झाले. या चढउतारांचा गाड्यांच्या देखभालीशी थेट संबंध आहे: ज्या रस्त्यावरून खनिजाचे टिपर जातात त्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर उत्पादकाच्या पुस्तिकेत सर्वसाधारण रस्त्यांसाठी दिलेल्या मुदतीपर्यंत टिकेल असे मानता येत नाही, आणि पुस्तिकांतही धुळीच्या प्रदेशासाठी वेगळी, कमी मुदत सांगितलेली असते.

चांगला कागदी फिल्टर जवळजवळ सगळी धूळ अडवतो आणि नुसता कोंदलेला फिल्टर हवा कमी करील, सेन्सर खराब करणार नाही. नुकसान होते ते फिल्टर साफ करण्याच्या पद्धतीने. टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची नळी कागदी घडीला अगदी जवळ लावून झोत मारला की कागदाचे धागे फाकतात; फिल्टर दिसायला स्वच्छ होतो आणि त्यातून बारीक लोहधूळ सरळ पुढे जाऊ लागते. फिल्टरच्या कडेचे रबर नीट न बसणे, डब्याची एखादी क्लिप तुटून राहणे, किंवा तेल लावून वापरायचा कापडी फिल्टर हौसेने बसवणे हेही तितकेच घातक, कारण तेलाचा सूक्ष्म थर सेन्सरवर बसला की धूळ त्याला चिकटते. तपासणाऱ्याने फिल्टरच्या पुढच्या नळीत, म्हणजे स्वच्छ बाजूला, पांढरे फडके फिरवून पाहावे. फडक्याला तांबडे डाग लागले तर सेन्सर कोणत्या अवस्थेत असेल हे स्कॅनर लावण्याआधीच कळते.

तप्त पापुद्र्यावर धुळीचा थर बसला की तो त्याला पांघरून ठेवतो. रेस न देता ओघ थोडा असतो, म्हणून तेथे चूक लहान राहते, कधी किंचित उलट दिशेचीही असते. पण ओघ वाढला की पापुद्रा जितका निवायला हवा तितका निवत नाही आणि सेन्सर खऱ्यापेक्षा कमी हवा कळवतो. परिणामी ईसीयू इंधन कमी सोडतो, मिश्रण पातळ होते आणि ट्रिम रेसबरोबर वर चढत जाते. चालक सांगतो की गाडी गावात बरी चालते, पण ओव्हरटेक करताना पिकअप घेत नाही. त्या तक्रारीचे हेच स्पष्टीकरण असते. अशा वेळी बहुधा पी०१०१ किंवा पी०१७१ येतो आणि पुष्कळदा बराच काळ कोणताच कोड येत नाही, कारण चूक विजेच्या मर्यादेच्या आतच असते. उपायही साधा आहे. याच कामासाठी मिळणाऱ्या, मागे काहीही न ठेवता उडून जाणाऱ्या स्प्रेने सेन्सर धुवायचा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत जोडायचा नाही. ब्रश, कापूस, कॉम्प्रेसरचा झोत आणि कार्बोरेटर साफ करण्याचा स्प्रे या चारही गोष्टी येथे वर्ज्य होत. धुतल्यानंतर रेसमधील ट्रिम खाली आली तर सेन्सर वाचला; मात्र फिल्टर किंवा त्याचा डबा तसाच ठेवून केलेली ही सफाई एक-दोन महिन्यांपेक्षा जास्त साथ देणार नाही.

डिझेल गाडीत निदानाची वाट थोडी वेगळी आहे. तेथे मॅफचा मुख्य उपयोग धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर झडप किती उघडावी आणि धूर न होता किती इंधन देता येईल हे ठरवण्यासाठी होतो, त्यामुळे पेट्रोल गाडीसारखी ट्रिम पाहायला मिळत नाही. सेन्सरने हवा कमी सांगितली की ईसीयू इंधनावर मर्यादा घालतो आणि गाडी चढावर मरगळते. जुनी, ओबडधोबड, परंतु उपयोगी चाचणी अशी की कपलर काढून गाडी चालवून पाहायची. तेव्हा ईसीयू सेन्सरऐवजी आपल्या स्मृतीतील ठरावीक आकडे वापरतो आणि गाडी आधीपेक्षा चांगली चालली तर संशय मॅफवर पक्का होतो. या चाचणीने नवा कोड नोंदला जातो, तो नंतर पुसावा लागतो.

पेडण्याचा प्रश्न धुळीने संपत नाही. पत्रादेवीपासून कोलवाळच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ६६ चे रुंदीकरण आणि मोपा पठारावरील विमानतळाचे बांधकाम या काळात तेथेही जांभ्या दगडाची धूळ पुष्कळ उडाली. जानेवारी २०२३ मध्ये विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यावर वाहनांची वर्दळ वाढली आणि हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावरच्या गावांतून भाड्याच्या गाड्याही पुष्कळ दिसू लागल्या. या गाड्या रात्रंदिवस उघड्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असतात. समुद्राच्या लाटा फुटताना उडणारे तुषार वाऱ्याबरोबर मिठाचे कण आत आणतात आणि मिठाचा गुण असा की हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते स्वतःच पाणी शोषून विरघळते. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच राहते. कपलरच्या पिनांवर बसलेल्या मिठाचा तेव्हा वीज वाहून नेणारा ओलसर पापुद्रा होतो. त्यातून तांब्यावर हिरवट गंज चढतो, एका पिनेतून दुसऱ्या पिनेत वीज झिरपते, किंवा पिनांच्या जोडात नको असलेला रोध तयार होतो. सेन्सर शाबूत असतो आणि त्याचा शब्द वाटेत बदलतो.

हवेच्या तापमानाचा सेन्सर हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. तो थर्मिस्टर जातीचा असतो, म्हणजे तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो: वीस-पंचवीस अंशांना साधारण दोन ते अडीच हजार ओहम, ऐंशी अंशांना सुमारे तीनशे. या मंडळात कोठेतरी पाचशे ओहमचा गंज चढला तर ईसीयूला रोध वाढलेला दिसतो आणि तीस अंशांची हवा त्याला सहा-सात अंशांनी थंड वाटते. थंड हवा घन असते या हिशेबाने तो सुमारे दोन टक्के जास्त इंधन सोडतो. एवढ्याने कोणताही कोड येत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ट्रिम खाली येते आणि तो फरक तिच्यात झाकला जातो. तार पूर्णच तुटली तर स्कॅनरवर उणे चाळीस अंश हा आकडा येतो आणि पी०११३ नोंदला जातो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर उलट शंभराच्या वरचा आकडा आणि पी०११२. ज्या गोव्यात पारा पंधरा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो तेथे उणे चाळीस हे सेन्सरचे मोजमाप असूच शकत नाही, ते तुटलेल्या मंडळाचे लक्षण आहे. खात्री करायची तर कपलर काढून त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात: आकडा एकदम कमाल टोकाला गेला तर ईसीयूपर्यंतचे वायरिंग ठीक आणि दोष सेन्सरचा किंवा त्याच्या पिनांचा, तो उणे चाळीसवरच अडून राहिला तर दोष वायरिंगमध्ये, आणि नवा सेन्सर बसवून काहीही साधणार नाही.

लहान चुका पकडण्यासाठी पहाटेची वेळ उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, हवेचे तापमान, रेडिएटरच्या पाण्याचे तापमान आणि साध्या थर्मामीटरवर दिसणारे बाहेरचे तापमान ही तिन्ही ताडून पाहावीत. ती दोन-तीन अंशांच्या आत जुळली पाहिजेत. त्याच अवस्थेत मॅप सेन्सरचीही परीक्षा होते. इंजिन बंद असताना कोठीत बाहेरच्या वातावरणाएवढाच दाब असतो, म्हणून समुद्रसपाटीजवळच्या पेडण्यात तो शंभर किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा. इंजिन सुरू होऊन गरम झाल्यावर रेस न देता तो तीस ते चाळीसपर्यंत उतरतो. इंजिन बंद असताना नव्वद दिसले, तर सेन्सरला मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा, त्याची अर्थिंग आणि संकेताची तार ही तिन्ही मल्टिमीटरने कपलर न काढता मागच्या बाजूने तपासावीत. पुरवठा पाचऐवजी साडेचार व्होल्ट भरला तर दोष सेन्सरच्या अलीकडे आहे. अर्थिंगच्या तारेवर इंजिन चालू असताना व्होल्टच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे ०.०५ पेक्षा जास्त दाब दिसणे हेही गंजाचेच चिन्ह, आणि ती अर्थिंग अनेक सेन्सरांना सामाईक असल्यामुळे एकाच वेळी परस्परांशी असंबद्ध वाटणारे दोन-तीन कोड येतात. असे कोड एकत्र आले की सुटे भाग मागवण्याआधी सामाईक तार शोधावी. हा नियम पाळला तर किनाऱ्यावरच्या गाड्यांचा पुष्कळ खर्च टळेल.

गंजाचा दोष येतो-जातो हे त्याचे सर्वांत त्रासदायक लक्षण. सकाळच्या दमट हवेत दिवा लागतो, दुपारी इंजिनाच्या उष्णतेने कपलर कोरडा झाला की सारे सुरळीत होते आणि गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा निरोगी असते. अशा वेळी स्कॅनरवर सेन्सरचा चालू आलेख लावून ठेवावा आणि वायरिंग कपलरपासून ईसीयूपर्यंत हातभर हातभर हलवत जावे. आलेख ज्या जागी दचकतो ती जागा दोषाची. माडांच्या आणि शेतांच्या सान्निध्यात पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि तारांचे आवरण कुरतडतात, हेही लक्षात ठेवून वायरिंगच्या आतल्या बाजूने हात फिरवावा.

पुराचे पाणी हा वेगळाच प्रसंग. वाळवंटी नदीच्या काठचे साखळी आणि डिचोलीचे सखल भाग पाण्याखाली जाण्याला दीर्घ इतिहास आहे आणि जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, पेडणे या तिन्ही तालुक्यांना तडाखा बसला. पाण्यातून काढलेली गाडी बंद पडली तर ती सुरू करण्याचा मोह आवरणे सर्वांत आवश्यक, कारण हवेच्या नळीवाटे सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. सेन्सरचा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे. आधी फिल्टरचा डबा उघडावा. कागद ओला असेल तर गाडी ओढून न्यावी. तो कोरडा असेल तर डब्याच्या तळाचे निचऱ्याचे छिद्र चिखलाने बुजले नाही ना हे पाहून, सारे कपलर उघडून, वाळवून मग चावी फिरवावी.

सेन्सर खरे बोलतो की नाही हे पाहण्याची एक नैसर्गिक प्रयोगशाळा डिचोलीच्या वाहनचालकाला घराजवळच लाभली आहे. साखळीहून बेळगावकडे जाणारा रस्ता चोर्ला घाटात सुमारे ८०० मीटर उंचीवर पोहोचतो आणि तेथे वातावरणाचा दाब सुमारे ९२ किलोपास्कलवर उतरतो. साखळीत इंजिन बंद ठेवून शंभर दाखवणारा निरोगी मॅप सेन्सर घाटमाथ्यावर ९२ च्या जवळचा आकडा दाखवतो. तो शंभरावरच अडकून राहिला तर सेन्सर गोठला आहे. पंच्याऐंशी दाखवू लागला तर त्याची मोजपट्टी सरकली आहे. चढताना घ्यायची दुसरी नोंद ट्रिमची: मॅफच्या गाडीत घाटातल्या लांब, जड रेसच्या चढावर ट्रिम जर सपाटीपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी वाढत असेल, तर घाण बसलेल्या सेन्सरबरोबरच इंधनाचा पंप कमी पडण्याचीही शक्यता धरून इंधनाचा दाब मोजावा लागतो, कारण जड रेसमध्ये ट्रिमवर दोन्ही दोष सारखेच दिसतात आणि दाबमापक लावला की ते वेगळे ओळखता येतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसणे हे काम संपल्याचे लक्षण नव्हे. कोड पुसताना अनेक गाड्यांत शिकलेल्या ट्रिमही पुसल्या जातात आणि ईसीयू नव्याने शिकू लागतो, म्हणून दहा मिनिटांच्या फेरीनंतर दिसणारा शून्य आकडा निरर्थक असतो. गाडी थंड अवस्थेपासून गरम होईपर्यंत, गावातल्या वाहतुकीतून आणि महामार्गावरच्या एकसारख्या वेगातून काही दिवस फिरली की दीर्घकालीन ट्रिम स्थिरावते. त्यानंतर ती पाहावी आणि दिवा न लावता मनात नोंदलेले तात्पुरते कोडही तपासावेत. डिचोलीतील गाडीची ही तपासणी चढावरच्या रेसमध्ये करावी आणि पेडण्याच्या किनाऱ्यावरील गाडीची पावसाळ्यातल्या सकाळी, दुपारच्या उन्हात कपलर सुकण्याच्या आधी.